जनाकाकांची अमेरिका

जनाकाका बोंबील आणायला उत्तनला गेले आणि अमेरिका घेऊन आले.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही, अगदी असंच झालं होतं. रविवारची सकाळ होती. पेणकरपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत मी वह्या तपासत बसले होते. भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेत मी मराठी शिकवायचे आणि वह्यांचा गठ्ठा रविवारीही पाठ सोडत नसे. खालून एकदम गलका ऐकू आला म्हणून वाकून पाहिलं. काकांचा मंडपाचा टेम्पो फाटकातून आत येत होता, टेम्पोला जाड दोर बांधलेला होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला एक गाडी होती. गाडी म्हणजे किती गाडी! तिचं नाक आत आलं तरी शेपूट रस्त्यावर रिक्षा अडवून उभं होतं. रंग कधीकाळी हिरवा असावा. पुढच्या जाळीला दात होते, बॉनेटवर पंख पसरलेला धातूचा पक्षी होता, आणि आत डाव्या बाजूला दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून जनाकाका नवरदेवासारखे ताठ बसले होते.

त्यांची बायको, हिराकाकी, दारात आल्या. त्यांनी गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली, वाकून खालूनही पाहिली आणि विचारलं,

"बोंबील कुठं हायत?"

काकांनी खिशात हात घातला, जणू बोंबील तिथे असतील. मग म्हणाले, "हिरे, अमेरिकेची गारी हाय. पन्नास-साठ वर्सांपूर्वी वकिलातीतल्या सायबानं फिरवलेली."

"सायबानं बोंबील न्हाय दिलं?"

त्या दिवसापासून गाडीचं नाव 'अमेरिका' पडलं. कंपनीचं नाव आमच्यापैकी कुणी कधी घेतलं नाही. "आज अमेरिका बंद हाय", "अमेरिकेत पान्याची बाटली ठेव", "अमेरिकेवर कावळा बसलाय, हाकल" अशी वाक्यं आमच्या इमारतीत सर्रास ऐकू यायची. नवीन भाडेकरू बिचारा आठवडाभर गोंधळलेला असायचा.

जनाकाका म्हणजे जनार्दन पाटील, पेणकरपाड्याचे मूळचे. आधी भातशेती आणि मिठागरात वाटा, मग शेतावर इमारती. आमची इमारतही त्यांच्या जुन्या घराच्या जागेवर उभी राहिलेली. तळमजला त्यांचा, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्या मंडपाचं सामान. हळद, साखरपुडा, बारसं, गणपती, काहीही असो, काशिमिऱ्यापासून इंद्रलोकपर्यंत काकांचे बांबू उभे राहायचे. माणूस उंचीला बेताचा, पोटाला सढळ, आणि आवाज असा की बांबूच्या टोकावर चढलेल्या कामगाराला खालून हळू आवाजात झापलं तरी शेजारच्या सोसायटीतली माणसं दचकायची. विनोद सांगायच्या आधीच हसायला लागायचे आणि हसता हसता विनोद विसरायचे. आपण मात्र हसून मोकळे.

कुठल्याही जागेत शिरले की काका ती जागा मंडपाच्या हिशेबात बघायचे. मी राहायला आले तेव्हा सामान उतरवून झाल्यावर ते आमच्या हॉलच्या मधोमध उभे राहिले, चारी भिंतींकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "बाई, पन्नास मानसं आरामात. जेवान गच्चीवर." दवाखान्यात, बँकेत, एकदा तर स्मशानातही त्यांनी मला कानात सांगितलं होतं की इथे वारा चांगला आहे, पण खांब चुकीच्या ठिकाणी घातलेत.

त्यांच्या धंद्याचा एकच नियम होता आणि तो ते दिवसातून दहादा म्हणायचे: "बांधायचं, ठोकायचं न्हाय." म्हणजे असं की मंडप उतरला की लोकांची जागा होती तशी त्यांना परत मिळाली पाहिजे. भिंतीला भोक नाही, झाडाला खिळा नाही. सगळं सुतळीने, गाठींनी. काकांच्या हातच्या गाठी वादळात टिकायच्या आणि सोडायच्या वेळी एका ओढीत सुटायच्या.

गाडी कशी मिळाली ते काका कुणालाही, कितीही वेळा सांगायला तयार असत. उत्तनला इनासबाब म्हणून एक गृहस्थ राहायचे. तरुणपणी बोटीवर इंजिनाच्या कामाला होते. वकिलातीची ही गाडी लिलावात निघाली तेव्हा त्यांनी घेतली, तिच्यातूनच आपली नवरी घरी आणली, आणि पुढे वयामुळे गाडी आवारात उभी करून ठेवली. वर मासळीची जाळी वाळत घातलेली असायची. घराचं काम काढायचं म्हणून त्या रविवारी त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं होतं. शेजारच्या अंगणात काका बोंबील निवडत होते. भंगारवाल्याने बॉनेटवरच्या त्या पक्ष्याला हात घातला आणि तो पिरगळून पाहिला.

"मी म्हटलं, हात कार!" काका सांगायचे. "आता म्हटलंच हाय, तर पुढं कायतरी बोलायला पायजे ना? म्हनून म्हटलं, ही गारी माझी हाय."

इनासबाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि एकच अट घातली. त्यांची एकुलती एक मुलगी रोझलिन तेव्हा कॉलेजात होती. तिच्या लग्नाच्या दिवशी तिला घरून चर्चपर्यंत याच गाडीतून न्यायचं. काकांनी छातीवर हात ठेवून कबूल केलं आणि बोंबील तिथेच विसरून आले.

गाडीबरोबर एक कोंबडीही आली. मागच्या सीटवर ती अंडी उबवत बसली होती आणि कुणी जवळ गेलं की चोच मारायची. इनासबाब म्हणाले, ती काही उठणार नाही, असू दे. म्हणून ती सीटसकट पेणकरपाड्याला आली. दुसऱ्या दिवशी सलीमभाई मेकॅनिक हत्यारांची पेटी घेऊन हजर झाले तेव्हा हिराकाकी गाडीच्या दारात पाट टाकून बसल्या होत्या.

"पिल्लं बाहेर येईस्तोवर गारीला हात लावायचा न्हाय."

"भाभी, सिर्फ इंजन देखूँगा."

"इंजन घरघरलं की ती उठंल. अंडी गार परतील."

काका सलीमभाईंकडे बघायला लागले आणि सलीमभाई काकांकडे. दोघांनी मग तीन आठवडे रोज संध्याकाळी गाडीसमोर खुर्च्या टाकून चहा प्यायला आणि इंजिनात काय काय बिघडलं असेल याच्या नुसत्या कल्पना केल्या. पिल्लं बाहेर आली तेव्हा सलीमभाईंनी पेढे आणले. माझ्या माहितीत मेकॅनिकने गिऱ्हाइकाला पेढे दिल्याची ही एकच वेळ.

गाडी सुरू व्हायला त्यानंतरही बरेच महिने गेले. सलीमभाई कुठल्या कुठल्या बाजारातून वस्तू शोधून आणायचे. आरटीओच्या फेऱ्या वेगळ्याच. पण एक दिवस तिने दोनदा शिंकून, तिसऱ्यांदा खोकून, असा काही आवाज काढला की तळमजल्याच्या खिडक्यांची तावदानं हलली. काका बॉनेटवर डोकं ठेवून उभे राहिले. कोंबडी पिल्लांसकट शेडमध्ये पळाली.

मग काकांनी तिला सजवायला घेतलं. इथेही नियम तोच. गाडीच्या मूळ अंगाला एकही भोक पाडायचं नाही, जे करायचं ते बांधून. छताचं आतलं कापड फाटलं होतं, तर तिथे मंडपाची लाल-पांढरी चुणीदार झालर आली, गाठींनी ताणून बसवलेली. वर पाहिलं की आपण कुणाच्या तरी लग्नात बसलोय असं वाटायचं. सीटना त्यांनी लग्नातल्या खुर्च्यांची पांढरी कव्हरं चढवली. त्या कव्हरांना मागे मोठाले सोनेरी बो असतात. त्यामुळे मागे बसणाऱ्याच्या तोंडासमोर सतत एक बो असायचा. डॅशबोर्डवर क्लिपचा छोटा पंखा. सीटखाली निळ्या दिव्यांची माळ. जुना रेडिओ होता तसाच ठेवून त्याच्या मागे सुतळीने एक ब्लूटूथचा स्पीकर बांधला, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकन रेडिओवर आगरी हळदीची गाणी लागलीत. या सगळ्याला वीज पुरावी म्हणून डिकीत मंडपाची स्वतंत्र बॅटरी. टायरना पांढरा पट्टा हवा म्हणून त्यांच्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून तो रंगवून घेतला. तो पहिल्याच डबक्यात उतरला, आणि गाडी गेली त्या वाटेवर पांढऱ्या रेघा उमटत राहिल्या.

मी एकदा विचारलं, "काका, एवढी मूळची सुंदर गाडी. कशाला हे सगळं?"

"बाई, पावनी आलीय ती आपल्याकरं. पावनीला साडी-चोळी करतात ना? जाताना तिचे कपरे तिचेच रातील."

आता डाव्या बाजूच्या स्टेअरिंगचं सांगायला हवं, कारण काकांचं चित्र त्याशिवाय पुरं होत नाही. आपल्या रस्त्यावर डावीकडे बसून गाडी चालवायची म्हणजे पुढच्या वाहनाच्या पलीकडचं काही दिसत नाही. पुढे ट्रक असला की काकांना फक्त ट्रक दिसायचा. पलीकडून काय येतंय ते दिसायचं उजवीकडे बसलेल्या हिराकाकींना. तेव्हा ओव्हरटेक कधी करायचा हे काकी ठरवायच्या. त्यांचे दोनच शब्द होते. "जा!" आणि "थांब!" एरवी त्या नवऱ्याला 'अवो' म्हणायच्या, पण गाडीत बसल्या की एकेरीवर यायच्या. काका म्हणायचे, घाईत मान द्यायला वेळ कुठला?

एकदा त्या दोघांचं भांडण झालं आणि नेमकं त्या दिवशी मला त्यांच्याबरोबर घोडबंदरच्या बाजूला काकींच्या माहेरी हळदीला जायचं होतं. भांडणाचं कारण अमेरिकाच. काकींच्या कपाटातला नवा मखमली पडदा काकांनी मागच्या काचेला बांधला होता. काकी गाडीत बसल्या खऱ्या, पण तोंड मिटून. थोडं पुढे गेलो आणि समोर कोंबड्यांच्या खुराड्यांनी भरलेला एक टेम्पो आला, रमतगमत जाणारा.

"हिरे, रस्ता मोकला हाय का?"

पिसं उडून आमच्या काचेवर यायला लागली.

"हिरे, नुसतं हूं म्हन."

काकी उजवीकडच्या खिडकीतून डोंगर बघत होत्या. आमच्या मागे रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. आणि टेम्पोवाल्याने टपरी बघून टेम्पो बाजूला, म्हणजे अर्धा बाजूला, घेतला आणि चहाला उतरला. त्याच्या मागे आम्ही अडकलो. काका थोडा वेळ बसले, मग तेही उतरले आणि टेम्पोवाल्याच्या शेजारी उभं राहून चहा प्यायला लागले. दोघांची छान गट्टी जमली. मला सोनेरी बोच्या पलीकडून काकींची फक्त अंबाड्यातली वेणी दिसत होती आणि ती रागाने हलत होती.

काका परत येऊन बसले तेव्हा काकी मान न वळवता म्हणाल्या, "बाई, त्यांना सांगा, रस्ता मोकला हाय."

मी म्हटलं, "काका, रस्ता मोकळा आहे."

तेवढ्यात समोरून बस आली.

"बाई, त्यांना सांगा, थांब."

"काका, थांबा."

"बाई, जा सांगा!"

"काका, जा!"

माझ्या तोंडून निरोप जाईपर्यंत रस्त्याचं चित्र बदललेलं असायचं. दोनदा आम्ही निघता निघता राहिलो. तिसऱ्यांदा मी "थां—" म्हणाले आणि पुढचं अक्षर बाहेर पडायच्या आत काकी नवऱ्याच्या कानात ओरडल्या, "अरं जा रं, मेल्या, जा!" आणि अमेरिका टेम्पोला मागे टाकून सुटली. खुराड्यातल्या कोंबड्या, चहाच्या टपरीवरची माणसं, सगळे ओरडत होते. काकांनी हॉर्न दाबून धरला होता. काकी पदर तोंडाला लावून गदागदा हसत होत्या. भांडण तिथेच मिटलं. पडदा मात्र काकींनी परत येताना स्वतः सोडला आणि घडी करून मांडीवर ठेवला.

अशी काही वर्षं मजेत गेली. मेट्रोच्या खांबांनी रस्ता अरुंद झाला, आमच्या आजूबाजूला आणखी इमारती चढल्या, तरी अमेरिका रविवारी बाहेर पडायची आणि लोक मोबाइल काढून उभे राहायचे.

मग काका माणसांना धडकायला लागले.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. बाजूने कुणी आलं की त्यांचा खांदा लागायचा. स्वतःच उभ्या केलेल्या बांबूवर ते दोनदा आपटले. गाडी फाटकातून बाहेर काढताना त्यांनी एका रिक्षाचा आरसा उडवला आणि आरसा कुठून आला म्हणून स्वतःच चकित झाले. एक दिवस जेवताना काकींनी डाव्या बाजूला तळलेल्या बोंबलांची ताटली ठेवली. काका शेवटपर्यंत आमटीभात खात राहिले. "मासं न्हाय केलंस आज?" असं त्यांनी विचारलं तेव्हा काकींनी हातातला डाव खाली ठेवला आणि संध्याकाळीच त्यांना भाईंदर पश्चिमेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काकींना आधार म्हणून मीही गेले.

काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की बाजूचं दिसणं बरंचसं गेलेलं आहे आणि ते परत येणार नाही. समोरचं दिसतंय ते औषधांनी जितकं टिकेल तितकं टिकवायचं.

"आनि गारी?" काकांनी विचारलं.

"गाडी आजपासून बंद."

काका खोलीच्या चारी भिंतींकडे बघत राहिले. मला वाटलं आता म्हणतील, किती माणसं बसतील. पण ते नुसते उठले आणि बाहेर गेले. रिक्षाने घरी आलो. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या इमारतीत काकांचा तो आवाज घुमला नाही. मी शाळेतून यायचे तेव्हा काका बंद गाडीत डावीकडे बसलेले असायचे, काच खाली करून, हात मांडीवर. हाक मारली तर म्हणायचे, "बसलोय असाच."

आणि त्याच महिन्यात उत्तनहून रोझलिनच्या, काही महिन्यांवर आलेल्या लग्नाचं आमंत्रण आलं. ते द्यायला इनासबाब स्वतः काठी टेकत आले होते. काकांच्या डोळ्यांचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काकांनीही सांगितलं नाही. छातीवर हात ठेवून म्हणाले, "गारी येईल."

दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हरचा शोध सुरू झाला. सलीमभाई आले असते, पण त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते पलंगावरून फोनवर सूचना देत होते. मीरा रोडहून एक अनुभवी ड्रायव्हर आला. ऐटीत उजवं दार उघडून बसला, हात पुढे केले आणि म्हणाला, "स्टेअरिंग किधर है?" त्याला उतरवून डावीकडे बसवलं तर तो पायाशी वाकून गिअर शोधायला लागला. या गाडीचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला. तो सापडल्यावर त्याने ओढला आणि अमेरिका मागे जाऊन शेडमधल्या खुर्च्यांच्या थप्पीवर बसली. दुसरा ड्रायव्हर फाटकापर्यंत पोचला आणि तिथे त्याने तीनदा गाडी बंद पाडून हात जोडले. तिसरा झालर, बो आणि पंखा बघूनच परत गेला.

काका पायरीवर बसले. काकी धान्य निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या,

"मी चालवते."

काका हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून आम्हालाही बरं वाटलं. पण काकी हसत नव्हत्या.

"हसायला काय झालं? इतकी वर्सं तुमी नुसतं चाक फिरवलं. गारी कवा काढायची, कवा थांबवायची, ते कोन सांगत होतं?"

काका हसायचे थांबले. गाडीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि उठून शेडमध्ये बांबू काढायला गेले.

शिकवणी भाईंदर पश्चिमेला, जुन्या मिठागराच्या बाजूच्या मोकळ्या पडीक जमिनीवर झाली; अमेरिकेला तिथवर पुन्हा टेम्पोच ओढून न्यायचा. मुलगी असताना काकींनी तिथेच डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहिल्या होत्या. काकांनी बांबू रोवून, त्यांना रंगीत झालरी बांधून वळणं तयार केली. साठीची बाई, नऊवारी घट्ट खोचून, डोळ्यांवर रोझलिनने पाठवलेला गॉगल लावून अमेरिका चालवतेय, आणि शेजारी नवरा "हिरे, क्लच! क्लच म्हंजे डावा पाय!" ओरडतोय, हे बघायला पेणकरपाड्यातून लोक डबे घेऊन यायला लागले. काकींनी पहिल्या दिवशी सगळे बांबू पाडले.

"पार बांबू," काका म्हणायचे, "आपलेच हायत. पार आनि पुढं चल."

ते पुन्हा रोवायचे, पुन्हा बांधायचे. आता गाठ मारताना त्यांना हात डोळ्यांसमोर धरावे लागत. शाळेत त्यांच्याइतका धीर मी कधी दाखवला नाही. सहामाहीच्या सुट्टीपर्यंत पाडलेल्या बांबूंपेक्षा उभे बांबू जास्त दिसायला लागले. परवान्यासाठी मात्र ड्रायव्हिंग स्कूलच्या लहान गाडीत परीक्षा द्यायची होती. काकी तिथे सवयीने डावीकडे जाऊन बसल्या आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबांना म्हणाल्या, "तुमी का माझ्याकरं बघताय? तिकरं बसा." साहेबांना परिस्थिती कळायला थोडा वेळ लागला. परवाना मिळाला तेव्हा काकांनी इमारतीत जिलेबी वाटली.

लग्नाच्या दिवशी आम्ही उत्तनला पोचलो तेव्हा रोझलिन घराच्या दारात पांढऱ्या झग्यात उभी होती. इनासबाब आधीच चर्चला जाऊन बसले होते. रोझलिन आणि तिची मावशी मागे बसल्या, मी कोपऱ्यात झग्याखाली. पुढे डावीकडे काकी, उजवीकडे काका. गाडी निघाली आणि पहिल्या वळणानंतर समोर पाण्याचा टँकर आला. रस्ता अरुंद, टँकर गळत, डुलत चाललेला. घड्याळाकडे बघून मावशी म्हणाली, "फादरना यानंतर दुसरं लगीन हाय."

काकींनी स्टेअरिंग घट्ट धरलं. त्यांना फक्त टँकर दिसत होता.

"अवो, रस्ता?"

काका पुढे झुकले. बाजूचं जग त्यांना उरलं नव्हतं, पण समोरचा एक तुकडा होता, आणि त्या तुकड्यात रस्ता होता. माझ्या मनात आलं, यांच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा? काकींच्या मनात तसं काही आलेलं दिसलं नाही. त्या नुसत्या वाट बघत होत्या.

"थांब," काका म्हणाले. समोरून एक मोटारसायकल सुटून गेली. "थांब... थांब... जा! हिरे, जा!"

काकींनी पाय दाबला. अमेरिका डरकाळी फोडून टँकरच्या बाजूने सुटली, रोझलिनने किंचाळून माझा हात धरला, काकींनी "हुईईई" असा आवाज काढला जो मी त्यांच्याकडून आधी किंवा नंतर कधी ऐकला नाही. आणि पुढचाच गतिरोधक कुणाला दिसला नाही. गाडी उडाली, खाली आली, आणि छताची झालर गाठींसकट सुटून आमच्या अंगावर पडली.

चर्चसमोर काकींनी करकचून ब्रेक लावला. लोकांनी दार उघडलं तर आतून लाल-पांढरा मंडप उतरला. मंडपाच्या आत नवरी होती. कुणीतरी कापड उचललं आणि रोझलिन बाहेर आली, मुकुट तिरपा, आणि इतकी हसत होती की डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इनासबाब चर्चच्या दारातल्या खुर्चीतून उठले. गाडीचा आवाज त्यांनी दूरवरूनच ओळखला होता म्हणे. त्यांनी आधी मुलीचा मुकुट सरळ केला, मग बॉनेटवर तळहात ठेवला, आणि मगच मुलीला घेऊन आत गेले.

काका पडलेली झालर गोळा करत होते. मी मदतीला गेले. म्हणाले, "गाठी माझ्याच, लगनासाठी नव्यानं मारलेल्या. आता न्हाय दिसत पयल्यासारख्या." मग काकींकडे तोंड केलं. काकी गाडीला टेकून, कपाळावर गॉगल चढवून, भोवती जमलेल्या बायकांना टँकरची हकीकत सांगत होत्या.

"बाई, येक सांगू? ही इतकी वर्सं बाजूला बसायची. गारी चालवताना बाजूला कोन बघतंय? आज मान वळवून बघितली. पुरी दिसली मना." आणि झालर छातीशी धरून ते मोठ्याने हसायला लागले.

पुढच्या वर्षी माझी बदली आमच्या संस्थेच्या रत्नागिरीच्या शाळेत झाली. काकांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर दीड-दोन वर्षांनी, मी एका कामासाठी तिकडे आले होते तेव्हा. काशिमिऱ्याच्या सिग्नलला मी रिक्षात बसले होते आणि पलीकडच्या रांगेत अमेरिका उभी होती. काकी स्टेअरिंगवर. पुढे दोन बायका, मागे आणखी चार, सगळ्यांच्या अंबाड्यांवर गजरे, हळदीला निघालेल्या असाव्यात. आणि त्या चौघींच्या मधोमध, गजऱ्यांत बुडालेले, मांडीवर कुणाची तरी पिशवी सांभाळत बसलेले जनाकाका. स्पीकरवर गाणं चालू होतं आणि ते बायकांच्या बरोबरीने टाळ्या वाजवत गात होते.

मी जिवाच्या आकांताने ओरडले, "काकाऽऽ! जनाकाकाऽऽ!"

त्यांनी हाक ऐकली. चेहरा उजळला. कुणीतरी आपलं माणूस आहे एवढं त्यांना कळलं, कुठे आहे ते कळलं नाही. त्यांनी खिडकीबाहेर हात काढला आणि माझ्या बरोबर विरुद्ध दिशेला, जिथे एक भरलेली बस उभी होती, तिकडे जोरजोरात हलवला. बसमधला एक माणूस क्षणभर बावचळला. मग त्याने हात वर केला. मग त्याच्या मागच्या बाईने, तिच्या मागच्या कॉलेजच्या पोरींनी. बघता बघता बसची अर्धी बाजू काकांना हात करत होती, आणि काका खिडकीतून आणखी बाहेर झुकून ओरडत होते, "बरं हाय ना? सगले बरे हाव ना?"

सिग्नल सुटला.